धुरावर युरियाचा उतारा

हायवेवरच्या पंपावर बादल्यांची चळत रचलेली असते. बादलीवर काहीही छापलेलं असो, ट्रक ड्रायव्हर तिला ‘युरिया’च म्हणतात. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते, ती त्यासाठी. आत असतं शुद्ध पाणी आणि त्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले आणि ही बादली देशभर पोचली. हे पाणी इंजिनात जात नाही, धुराच्या नळीत फवारलं जातं. कारखान्यांच्या धुरावर मात्र हाच उतारा जपानने १९७० च्या दशकातच वापरायला घेतला होता.

उतारा कशावर, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तो एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. पण ज्वाळेचं तापमान १४००-१५०० अंशांच्या वर गेलं की हा बंधही तुटायला लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ असो, नुसत्या हवेतूनच प्रदूषक जन्माला येतो. कोळशात स्वतःचा नायट्रोजन असतो, त्याची भर वेगळी. बाहेर पडल्यावर या वायूचा तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो फुप्फुसांना त्रास देतो, उन्हात ओझोन घडवतो आणि पावसात आम्ल होऊन उतरतो.

सल्फर डायऑक्साइड चुन्याच्या निवळीने धुऊन काढता येतो. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे धुणं-गाळणं इथे फारसं कामाचं नाही. त्याला परत नायट्रोजनच करावं लागतं. युरियातून सुटणारा अमोनिया ते काम करतो. कारखान्यात बॉयलरमधून येणारा ३०० ते ४०० अंशांचा धूर मधमाशीच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यांतून नेतात. ठोकळे टायटॅनियम ऑक्साइडचे, त्यावर थोडं व्हॅनेडियम; हाच उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा. अमोनियाचा रेणू व्हॅनेडियमवर टेकतो, धुरातला नायट्रिक ऑक्साइड येऊन त्याला भिडतो, आणि निघतात नायट्रोजन व पाणी. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती ही: जड नायट्रोजनची (नेहमीपेक्षा थोड्या वजनदार अणूची) खूण केलेला अमोनिया वापरून शास्त्रज्ञांनी पाहिलं, तेव्हा तयार झालेल्या रेणूतला एक अणू अमोनियाचा निघाला आणि दुसरा प्रदूषकाचा. एकेकाने एकेक अणू दिला, आणि जोडी जमली.

उत्प्रेरकाशिवायही हे जमतं, पण ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यातच. तापमान कमी पडलं तर अमोनिया तसाच निसटतो. जास्त झालं तर तो स्वतःच जळून नायट्रिक ऑक्साइड होतो, म्हणजे औषधाचंच विष. सिमेंटच्या भट्टीआधी चुनखडी भाजणारा जो भाग असतो, तिथलं तापमान आपसूक या पट्ट्यात बसतं. म्हणून सिमेंटवाले थेट तिथेच अमोनिया फवारतात.

आपल्या औष्णिक केंद्रांची अडचण वेगळीच. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. ठोकळ्यांच्या काही मिलिमीटरच्या भोकांत ती साचते आणि वाळूसारखी उत्प्रेरक घासून नेते. निसटलेला अमोनिया गंधकाच्या ऑक्साइडशी जुळून चिकट क्षार करतो आणि हवा तापवणाऱ्या यंत्राची तोंडं बुजतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर मर्यादा घातल्या: २०१७ पासूनच्या नव्या वीजसंचांना घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ च्या संचांना ३००. पुढे २०२० मध्ये ३०० चे ४५० केले. राखेची अडचण खरी आहे, तरीही ही सवलत मला पटत नाही. कारण पहिला उपाय भट्टीच्या आतच आहे. ज्वाळेच्या मुळाशी हवा कमी सोडायची आणि उरलेली वरून, जरा उशिरा द्यायची. ज्वाळेचा कळस उतरतो, सुरुवातीला ऑक्सिजनच पुरेसा मिळत नाही आणि प्रदूषक मुळातच कमी बनतो. त्याला ना अमोनिया लागतो, ना व्हॅनेडियम. बर्नर बदलायचे, हवेच्या झडपा नीट लावायच्या आणि त्या रोज तशाच राहतात ना, हे पाहायचं.