रेडिएटरमधलं पाणी जातं कुठं?

मे महिन्यात अकोला-अमरावती रोडवर कुठल्याही ढाब्यापाशी बोनेट उघडं टाकून बाटलीनं पाणी ओतणारा एखादा पिकअपवाला दिसतोच. जुनी बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७, मागं कांद्याची पोती, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही भाऊ, पानी कमी होऊन रायलं, पण लीक तं कुठीच दिसत नाही." त्याचं खोटं नसतं. तो बघतो तेव्हा लीक खरंच नसतं, बघायची वेळच चुकलेली असते.

डिझेल जळून जेवढी उष्णता निघते त्यातली साधारण एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, बाकीची काही सायलेन्सरमधून जाते आणि काही पाण्याला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. बाहेर आधीच ४५ डिग्री, त्यात घाट आणि लोड, मग पाणी १०० ला उकळून चालणार कसं? म्हणून रेडिएटरचं झाकण स्प्रिंगचं असतं. त्याच्यावर ०.९ नाहीतर १.१ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे तेवढे बार दाब होईपर्यंत ते उघडत नाही, आणि घरच्या कुकरसारखंच त्या दाबात पाणी १२० च्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. आता गंमत बघा, गाडी थंड झाली की हा दाब जातो आणि बारीक चीर मिटून बसते. गाडी चालू असताना त्याच चिरेतून फवारा उडतो, पण तो इंजिनच्या गरम ब्लॉकवर पडून वाळतो, नाहीतर फॅनच्या हवेनं मागं फेकला जातो. त्यामुळं खाली जिथं थेंब सापडला तिथंच भोक असेल असं समजू नका. ओल कुठपर्यंत वर आणि कुठपर्यंत पुढं जाते ते बघा, उगम तिथं असतो.

यावर उपाय सोपा आहे, इंजिन थंड ठेवायचं आणि दाब मात्र द्यायचा. तालुक्याच्या बऱ्या गॅरेजात प्रेशर टेस्टर असतो, म्हणजे मीटर लावलेला हातपंप. तो झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावर जो आकडा आहे तिथपर्यंतच हवा मारायची (जास्त मारली तर जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटू शकते) आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडं बघत बसायचं. ही टेस्ट न करता आधी रेडिएटर बदला, मग वॉटर पंप (इंजिनात पाणी फिरवणारा) बदला असं सांगणाऱ्या मिस्त्रीला मी तरी गाडी देणार नाही.

काटा पडला की टॉर्च घेऊन फिरायचं. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव, वाळलं की हिरवा, गुलाबी नाहीतर पांढरा थर सोडतं, होजच्या (रबरी पाइपच्या) क्लॅम्पपाशी मिठासारखी कड दिसली तर तिथं पाणी झिरपून गेलंय. वॉटर पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतली सील गेली की पाणी बेअरिंगकडं न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. तिथं बोट फिरवलं आणि चिकट ओल लागली, खाली रंगीत ओघळ दिसला तर पंप गेला समजा. ते भोक एम-सील लावून बुजवणारे महाभाग असतात, त्यांच्या गाडीचं पाणी मग बेअरिंग खातं. ब्लॉकच्या अंगाला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात, त्या गंजून आतून पातळ होतात, आणि एखादी नेमकी मागं गिअरबॉक्सच्या आडोशाला असते, तिथं हात पोचत नाही म्हणून कुणी बघतच नाही. बऱ्याच हिरव्या कूलंटच्या रंगात फ्लोरेसिन असतं, अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला तर ओघळ चमकून उठतो.

झाकण विसरू नका, सगळ्यात स्वस्त तेच आहे. त्यात दोन व्हॉल्व असतात, एक दाब जास्त झाला की पाणी रेडिएटरशेजारच्या ओव्हरफ्लोच्या बाटलीत सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना तेच पाणी परत ओढू देतो. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा, असं असेल तर दुसरा व्हॉल्व अडकलाय नाहीतर मधली बारीक नळी चिरलीय आणि ती पाण्याऐवजी हवा ओढून रायलीय.

खरी डोकेदुखी म्हणजे काटा पडतो, पण बाहेर एक थेंब नाही. मग पाणी आत जातंय. सकाळी थंड इंजिनवर झाकण काढून गाडी चालू करा आणि तोंडाकडं बघा. सुरवातीला चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे येतात ते सोडून द्या, पण बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर, संशय घ्या. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशनच २५-३० बारचं, जळताना त्याहून किती तरी जास्त, आणि पाण्याकडं जेमतेम १ बार. म्हणून गाडी चालू असताना धूर पाण्यात घुसतो आणि बंद केली की उरलेल्या दाबानं पाणी सिलिंडरमधे उतरतं, मग सकाळी गाडी एका सिलिंडरवर अडखळते, पांढरा धूर टाकते. खात्रीसाठी निळं पाणी भरलेली एक नळी येते, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असला की निळ्याचं पिवळं होतं. पण डिझेल इंजिन आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) भरपूर जास्तीची हवा घेतं, धुरात कार्बन डायऑक्साइड २-३ टक्केच असतो, म्हणून निळं निळंच राहिलं तरी गॅस्केट चांगली आहे असं नाही. रेस करून, जमल्यास लोड देऊन मग घ्या. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच हेड उतरवू नका, डिसेंबरच्या थंडीत गाडी नुसती गावातल्या गावात फिरवली तर वाफेनंही तशी साय धरते. त्यापेक्षा रात्रभर उभ्या गाडीचा चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा) नट सकाळी चालू न करता हळूच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, तेलाच्या आधी पाणीच आलं तर ते वाफेचं नव्हे.

ज्या इंजिनात लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याला) बाहेरून थेट पाणी लागतं, बऱ्याच ट्रॅक्टरात तसंच असतं, तिथं अजून एक भानगड होते. दर स्फोटाला लायनर थरथरतो, भिंतीलगत पाण्याचा दाब क्षणभर पडतो, वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि लगेच आपटून फुटतात. एका बुडबुड्यानं काही होत नाही, पण वर्षानुवर्षं तेच चाललं तर बिडाच्या लायनरला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि एखादा आरपार जातो. नायट्राइटवालं कूलंट लोखंडावर पातळ थर धरून हे लांबवतं. नुसतं पाणी भरणाऱ्याचा लायनर लवकर जातो.

पाणी फारच कमी झालं की टेंपरेचरचा सेन्सर पाण्याबाहेर पडतो, आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, आणि हेड वाकतं. थांबल्यावर गरम झाकणाला हात लावू नका, दाब गेला की ११० डिग्रीचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

आणि बोअरचं पाणी टाकणं बंद करा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बिलकुल नाही, ते खारं पाणी धातू खातं, आणि जिथं पाणी जड आहे तिथं तापून चुन्याचा थर बसतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. भोक बुजवायला हळद टाकतात, घरापर्यंत पोचायला ती चालतेही, पण हळदीला भोक कोणतं आणि नळी कोणती हे कळत नाही. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं घ्या. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते गोड असतं आणि विषारी, कुत्री-वासरं चाटतात.

काम झाल्यावर गाडी चढावर तोंड करून उभी करा, झाकण उघडं ठेवून आयडलला चालवा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडं वाट देणारा व्हॉल्व) ८०-८५ ला उघडला की पाणी एकदम खाली जाईल, तेवढं भरा. दुसऱ्या दिवशी थोडं कमी दिसलं तर ती आत अडकलेली हवा होती. चौथ्या दिवशीही कमीच होत असेल तर परत प्रेशर टेस्टर लावा.