हेल्मेट सुधारलं आणि माना मोडायला लागल्या

आधीच सांगून ठेवतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तो लांबट बॉल छातीशी धरून पळतात तो. खेळताना मानेचा मणका मोडून पोरं कायमची लुळी पडतात हा प्रकार तिथे वर्षानुवर्षं मोजला गेलाय, त्यामुळे त्याचा इतिहास नीट सांगता येतो. आणि त्यातला विचित्र भाग हा की तो प्रश्न बऱ्याच अंशी सुरक्षेच्या सामानानेच वाढवला.

खेळ पहिल्यापासूनच रानटी. 1905 मधे प्रेसिडेंट रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, तरी त्या सीझनमधे बरीच पोरं मेली, मग पुढच्या वर्षी बॉल पुढे फेकायची परवानगी मिळाली आणि घोळका करून अंगावर तुटून पडणं जरा कमी झालं. तेव्हा डोक्यावर असलीच तर चामड्याची टोपी. कडक प्लॅस्टिकचं हेल्मेट रिडेल कंपनीने 1939 मधे काढलं, एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, 1943 मधे हेल्मेट सक्तीचं केलं, आणि 1950 नंतर हळूहळू तोंडासमोर फेसमास्क आला.

आता चामड्याची टोपी घालून कोण डोकं पुढे करून धडकणार, नाक फुटेल, दात जातील. पण कडक कवच आणि पुढे जाळी मिळाली की ती भीतीच जाते. मग कोच लोकच शिकवायला लागले की डोकं खाली घाल आणि हेल्मेट थेट समोरच्याच्या छातीत घुसव. ह्याला स्पिअरिंग म्हणायचे.

1968 मधे मैदानावरच्या थेट माराने 36 जण गेले, बोंब झाली, मग 1969 मधे हेल्मेटची स्टँडर्ड ठरवणारी संस्था उभी राहिली आणि 1973 मधे स्टँडर्ड आलं. त्याने कवटीच्या आतल्या जखमा खरंच कमी झाल्या, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण फिलाडेल्फियाचे ऑर्थोपेडिक सर्जन जोसेफ टॉर्ग ह्यांनी 1975 मधे डोकं-मानेच्या दुखापतींची देशभरची रजिस्ट्री सुरू केली आणि 1971 ते 75 चे आकडे 1959 ते 63 च्या जुन्या आकड्यांशी लावून बघितले, तर डोक्याला मार लागून मरणारे घटलेले आणि चारही हातपाय लुळे पडणाऱ्यांचं प्रमाण दुपटीच्या वर गेलेलं.

तोपर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की डोकं मागे झटकलं जातं, हेल्मेटची मागची कड मानेत रुतते आणि मणका तुटतो. म्हणजे हेल्मेटचा आकार बदला की झालं. टॉर्गनी दुखापतींच्या फिल्म्स बघितल्या, त्यात मान मागे जातच नव्हती. मानेच्या मणक्यांना मुळात एक बाक असतो, त्यामुळे धक्का बसला की मान वाकते आणि स्नायू बराचसा जोर पचवतात. हनुवटी थोडी खाली घेतली, साधारण 30 अंश, की तो बाक जातो आणि मान सरळसोट काठी होते. मग टाळूने धडक दिली की डोकं जागीच थांबतं, मागून धड येतच राहतं, मधे मान चिरडते, आणि क्षणात मणका फुटतो किंवा सरकून मज्जारज्जूवर येतो. ह्यात हेल्मेट काय करणार? ते कवटीसाठी बनवलंय.

म्हणून उपाय सामानात नव्हता, सवयीत होता. 1976 मधे कॉलेज आणि हायस्कूल दोन्हीकडच्या नियमांनी डोक्याने पहिली धडक द्यायला बंदी घातली. त्या सीझनला 34 पोरं कायमची लुळी पडली होती, 1977 मधे 18, आणि 1984 पर्यंत आकडा 5 वर आला. एक पैशाचं नवीन सामान न घेता! 1990 मधे तर थेट माराने एकही मृत्यू झाला नाही.

लोकांच्या डोक्यात मात्र राहिली ती 12 ऑगस्ट 1978 ची कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची एनएफएल मॅच. पॅट्रियट्स टीमचा डॅरिल स्टिंगली पास झेलायला झेपावला, समोरच्या रेडर्स टीमच्या जॅक टेटमवर आदळला आणि मानेखाली लुळा पडला तो 2007 मधे जाईपर्यंत. ती साधी प्रदर्शनी मॅच होती आणि त्या धडकेवर फाउलसुद्धा दिला गेला नाही.

नियमाची अंमलबजावणी हे वेगळंच रडगाणं. मुद्दाम केलं का हे रेफ्रीने ठरवायचं, आणि मनातलं कोणाला दिसतंय, त्यामुळे शिट्टी क्वचितच वाजायची. शेवटी 2005 मधे कॉलेजच्या नियमातून हा हेतूचा भागच काढून टाकला. माझ्या मते हे खूप आधी व्हायला हवं होतं.

रग्बीत कडक हेल्मेटच नाही, तिथला धोका स्क्रमचा, दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत घुसतात आणि पुढच्या रांगेतल्यांच्या माना अडकतात. न्यूझीलंडने 2001 मधे रग्बीस्मार्ट आणलं, कोच आणि रेफ्रींना दरवर्षी सक्तीचं ट्रेनिंग. जुन्या दराने पुढच्या पाच वर्षांत मणक्याच्या साधारण 19 गंभीर दुखापती व्हायला हव्या होत्या, झाल्या 8, आणि स्क्रममधे 9 च्या जागी फक्त 1. साउथ आफ्रिकेने त्याच धर्तीवर बोकस्मार्ट काढलं, आणि 2013 पासून तर जगभर स्क्रममधे आधी समोरच्याला हाताने पकडायचं आणि मगच भिडायचं, लांबून धाडकन आदळायचं नाही.