युरीन कल्चरच्या रिपोर्टमध्ये न येणारी गोष्ट: ई. कोलायचा साखरेचा लेप

खानदेशात उन्हाळी लागणं कुणाला नवीन नाही. केळीच्या बागेत किंवा कपाशी वेचायला गेलेल्या बायांना आडोसा मिळत नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. जळजळ सुरू झाली की आधी धण्या-जिऱ्याचं पाणी, आणि थंडी वाजून ताप आला की जळगाव नाहीतर धुळ्याला जाऊन युरीन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. रिपोर्टवर बहुतेकदा ‘ई. कोलाय, एक लाखाहून जास्त’ असं असतं आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकासमोर एस (लागू पडेल) किंवा आर (पडणार नाही). मिलिलिटरमागे एक लाख जंतू दिसले की संसर्ग धरायचा, ही रेघ बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५६ च्या सुमारास आखली.

त्या जंतूच्या अंगावर कोणता लेप आहे, ते मात्र रिपोर्टमध्ये येत नाही. हा लेप साखरेच्या रेणूंचा असतो. मधुमेहातल्या साखरेशी त्याचा संबंध नाही. जंतूला आपल्या प्रतिकारशक्तीपासून वाचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे, म्हणून त्याची हकिगत सांगावीशी वाटते.

थिओडोर एशेरिश यांनी लहान मुलांच्या शौचात हा जंतू १८८५ मध्ये दाखवला. पण आतड्यात निमूट राहणारा आणि मूत्रपिंडापर्यंत चढणारा यांत फरक काय, हे सूक्ष्मदर्शकातून कळत नव्हतं. वाट सापडली १९४० च्या दशकात, कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जर्मनी सोडून आलेले फ्रिट्झ काउफमन तिथे काम करत होते. काचपट्टीवर, आधी ओळखीचे जंतू टोचलेल्या सशाच्या रक्तद्रवाचा थेंब घ्यायचा, त्यात जंतू कालवायचे आणि पट्टी हळूहळू हलवायची. ओळख पटली तर थेंब दुधासारखा फाटतो, बारीक कण दिसू लागतात. काही जंतू जिवंत असताना ढिम्म राहायचे आणि तासभर उकळल्यावर तेच गोळा व्हायचे. म्हणजे आतली ओळख झाकणारं आणखी एक आवरण वर होतं. आतल्या साखळीला ‘ओ’ आणि वरच्या आवरणाला ‘के’ म्हणायची पद्धत इथूनच रुळली. आज १८० हून अधिक ओ-गट माहीत आहेत. मूत्रमार्गात मात्र ओ१, ओ२, ओ४, ओ६, ओ१८, ओ२५, ओ७५ असे मोजकेच पुन्हा पुन्हा भेटतात.

काउफमन यांच्यानंतर इडा आणि फ्रिट्स अर्स्कोव्ह या दांपत्याने त्याच संस्थेत हे काम पुढे नेलं. जंतूंमध्येही जनुकांची देवाणघेवाण होते, हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवलं होतं. त्याचाच उपयोग करून अर्स्कोव्ह दांपत्याने जंतूंचे संकर घडवले आणि ओ-गटाची जनुकं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारी असल्याचं दाखवलं. पुढे त्या जागेचा पूर्ण पत्ता लागला: गॅल-एफ आणि जीएनडी या दोन जनुकांच्या मधली पट्टी. ओ-साखळी म्हणजे पोतीत ओवलेले तेच तेच मणी. इथलं एक जनुक तयार मणी जंतूच्या पटलाच्या आतून बाहेर काढतं, दुसरं मण्याला मणी जोडतं, आणि पट्टीच्या जरा बाहेरचं तिसरं लांबी ठरवतं. गटागणिक ही पट्टी वेगळी असते आणि तिची घडण बाकी गुणसूत्राशी जुळत नाही. ती दुसऱ्या जंतूंकडून आलेली असावी, असं म्हणायला हा मोठा आधार आहे.

जनुकशास्त्राचं बरंचसं शिक्षण ज्या के-१२ नावाच्या ई. कोलायवर झालं (या नावातल्या ‘के’चा आवरणाशी संबंध नाही), त्याच्या अंगावर ही साखळीच नव्हती. १९२२ मध्ये एका रुग्णाकडून घेतलेला हा जंतू प्रयोगशाळेत वाढता वाढता ती हरवून बसला. एका जनुकात डीएनएचा उपरा तुकडा घुसला होता. सिडनीच्या पीटर रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ते जनुक परत दिलं आणि ओ१६ ची साखळी पुन्हा उगवली. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो.

वरच्या आवरणाची जनुकं १९८१ मध्ये वेगळी काढता आली, ती के१ ची. के१ चं आवरण सियालिक आम्लाच्या साखळीचं असतं, आणि हुबेहूब तशीच साखळी गर्भातल्या बाळाच्या मेंदूपेशींवर असते. आपलं शरीर आपल्याच खुणेवर हल्ला करायला कचरतं, आणि जंतूचं फावतं.

२००२ मध्ये मूत्रपिंडाच्या संसर्गातून मिळालेल्या सीएफटी०७३ या ई. कोलाय वाणाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचून झाला. तो, के-१२ आणि जुलाब घडवणारा ओ१५७ या तिघांत सामाईक प्रथिनं निघाली फक्त ३९.२ टक्के. २००८ मध्ये एसटी१३१ हा वाण लक्षात आला. लेप ओ२५बी, सोबत सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं निकामी करणारं विकर. त्या नोंदीत भारतातले नमुनेही होते.

औषधं अशी हातची जाऊ लागल्यावर ओ-साखळीच वापरून लस करायचे प्रयत्न झाले. नऊ ओ-गटांची एक लस ज्येष्ठांमध्ये, रक्तापर्यंत पसरणाऱ्या संसर्गाविरुद्ध तपासली जात होती. ती मोठी चाचणी २०२५ मध्ये पुरेसा परिणाम न दिसल्याने थांबवली गेली.

पुढची लस कुणीही करो, कुठल्या भागात कोणते लेप फिरतायत हे तिला माहीत असावं लागेल. रिपोर्ट छापून झाला की कल्चरची प्लेट वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाते आणि लेपाची माहितीही तिच्याबरोबर संपते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्लेटांवरचे थोडे तरी जंतू जपून ठेवावेत आणि त्यांच्या लेपांची जनुकं वाचून घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. गाळ्यात चालणाऱ्या छोट्या लॅबला हे परवडणार नाही; वैद्यकीय महाविद्यालयं आणि विद्यापीठ यांनी मिळूनच ते उचलायला हवं.