अपघातानंतर अंतराळयानाला पुन्हा उडण्याची परवानगी कशी मिळते? पात्रता, कागदपत्रे, सह्या आणि हरकती

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे स्पेस शटल परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात तुटलं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. थोड्याच वेळात घरोघरी टीव्हीवर कल्पना चावलाचा फोटो दिसू लागला. यानातल्या सातांपैकी कुणीही वाचलं नाही. त्यानंतरचं पहिलं शटल, डिस्कव्हरी, उडालं २६ जुलै २००५ ला. मधल्या जवळजवळ अडीच वर्षांत नासाने काय केलं असं विचारलं, तर बहुतेक जण ‘टाकीचा फोम दुरुस्त केला’ एवढंच सांगतात. ते खरं आहे. पण तितकंच मोठं दुसरं काम कागदांचं होतं. कोणत्या अटी, त्या पुऱ्या झाल्याचा पुरावा काय, सही कोणाची आणि कुणी ‘नको’ म्हटलं तर त्याचं काय करायचं, हे सगळं नव्याने ठरवावं लागलं.

मी एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. बंद टाकीत उतरायचं असो की उंचीवर वेल्डिंग करायचं असो, आधी परमिट लागतं आणि त्यावर माझी सही लागते. म्हणून या प्रक्रियेकडे मी सही करणाऱ्याच्या नजरेने बघतो. खालची माहिती शटलची आहे, पण एकदा अपघात झालेल्या कुठल्याही माणसं नेणाऱ्या यानाला साधारण याच वाटेने जावं लागतं.

अर्ज कोणाचा, मंजुरी कोणाची?

शटल उडवणारी नासा आणि उडायची परवानगी देणारीही नासाच. बाहेरचं परवाना खातं या उड्डाणांना लागू नव्हतं. आपलाच अर्ज आपणच मंजूर करायचा, यातला धोका उघड आहे. त्यामुळे बाहेरचे दोन गट मध्ये आले.

पहिला गट म्हणजे निवृत्त ॲडमिरल हॅरल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालचं चौकशी मंडळ. त्यांचा अहवाल २६ ऑगस्ट २००३ ला आला. त्यात २९ शिफारशी होत्या आणि त्यांपैकी १५ पुढच्या उड्डाणाआधी पुऱ्या व्हायलाच हव्यात असं लिहिलं होतं. दुसरा गट पूर्तता तपासणारा. त्याचे प्रमुख दोन अनुभवी अंतराळवीर, थॉमस स्टॅफर्ड आणि रिचर्ड कव्ही. स्टॅफर्ड अपोलो-१० चे कमांडर होते. १९८६ मधल्या चॅलेंजर शटलच्या अपघातानंतर २९ सप्टेंबर १९८८ ला जे पहिलं शटल उडालं, त्याचे कव्ही वैमानिक होते. अपघातानंतरच्या पहिल्या यानात बसणं म्हणजे काय, हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, अनुभवाने माहीत होतं.

या गटाला परवानगी देण्याचा अधिकार नव्हता. अट पुरी झाली की नाही एवढंच त्याने नासाच्या प्रमुखांना कळवायचं. शेवटचा निर्णय नासाचाच.

पात्रता: पंधरा अटी

अपघाताचं कारण असं ठरलं. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम हातात घेतला तर थर्मोकोलसारखा हलका. त्याने कार्बनचं कडक पॅनेल फुटेल यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. ७ जुलै २००३ ला सॅन अँटोनियोत तेवढाच तुकडा ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने खऱ्या पॅनेलवर मारून पाहिला, तेव्हा सुमारे सोळा इंच लांब-रुंद भोक पडलं. त्यानंतर वाद संपला.

साहजिकच अटींमध्ये फोम पहिला. टाकीवरून फोम सुटणं मुळातच बंद करा, पंखाची कडा टणक करा, कक्षेत गेल्यावर उष्णतारोधक आवरण तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय करा. उड्डाणाचं किमान तीन कोनांतून उपयोगी चित्रण व्हायला हवं, अशीही एक अट होती.

मला मात्र यादीतल्या साध्या दिसणाऱ्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. टाकीवर हाताने फोम फवारताना आणि शेवटचं झाकणबंद करताना किमान दोन माणसं हजर हवीत, ही त्यातली एक. झाकल्यावर जे दिसणार नाही, ते झाकताना पाहणारा दुसरा डोळा हवा. दुसरी अट शब्दाची होती. फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रात, जिथून शटल उडायचं, कामाच्या जागी राहून गेलेल्या वस्तूंचे दोन वर्ग केले होते आणि त्यातला एक सौम्य नावाचा होता. मंडळाने सांगितलं, उद्योगात सगळीकडे वापरतात तीच कडक व्याख्या परत आणा. नाव सौम्य झालं की नोंदही सौम्य होते, हे मी रोज बघतो.

तिसरी अट वेळापत्रकाची. अपघाताआधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ ला न्यायचाच, असं ठरलं होतं आणि त्या तारखेला किती दिवस उरले हे दाखवणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांच्या संगणकांवर पाठवला गेला होता. वेळापत्रक हाताशी असलेल्या माणसांना आणि साधनांना झेपेल असंच ठेवा, असं मंडळाने लिहिलं. उड्डाण चालू असताना निर्णय घेणाऱ्या मोहीम व्यवस्थापन मंडळाला आणीबाणीचा सराव देण्याची अटही अशीच मुळाशी जाणारी. कोलंबिया सोळा दिवस वर होतं. या मोहीम मंडळाची बैठक नियमाने रोज व्हायला हवी होती. झाल्या पाच.

कोणती कागदपत्रे लागतात?

मुख्य कागद म्हणजे उड्डाणसज्जता प्रमाणपत्र. प्रत्येक विभागाने आणि प्रत्येक कंत्राटदाराने आपल्या हद्दीतलं काम पुरं झालं आहे, उरलेले धोके लिहिले आहेत आणि ते स्वीकारायला आपण तयार आहोत, असं त्यावर सहीने सांगायचं. त्याच्यामागे धोक्यांचे अहवाल असतात आणि अतिगंभीर भागांची यादी असते. अतिगंभीर म्हणजे तो भाग निकामी झाला तर यान आणि माणसं दोन्ही जाऊ शकतात.

या फाइलीत आणखी एक कागद असतो, सूटपत्र. एखादा भाग नियमात बसत नाही, पण बदलताही येत नाही, तेव्हा धोका मान्य करून सूट द्यायची. चौकशी मंडळाने मोजलं तेव्हा ४,२२२ गोष्टी अतिगंभीर वर्गात होत्या आणि त्यातल्या ३,२३३ ना सूट दिलेली होती. त्या सूटपत्रांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त दहा वर्षांत कुणी उघडून पाहिली नव्हती. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आमची जुनी सूटपत्रं बाहेर काढली होती.

फोमची कथा याच कागदांत आहे. टाकीवरून काहीही सुटून यानावर आदळता कामा नये, ही मूळ आराखड्यातली अट. प्रत्यक्षात फोम सुटायचा, यानाच्या उष्णतारोधक फरशा खरचटायच्या, यान परत यायचं. हळूहळू ती सुरक्षेची बाब राहिली नाही, परतल्यावरच्या दुरुस्तीची बाब झाली. ऑक्टोबर २००२ मध्ये, कोलंबियाच्या फक्त तीन महिने आधी, टाकीच्या त्याच जागेवरून मोठा तुकडा सुटून बूस्टरवर, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटवर आदळला. त्याची नोंद उड्डाणातला बिघाड या गंभीर वर्गात झाली नाही आणि पुढचं यान उडालं.

चॅलेंजरच्या वेळीही असंच घडलं होतं. १९८५ च्या उन्हाळ्यात बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्यांमुळे उड्डाणावर निर्बंध लागला. नंतरच्या प्रत्येक उड्डाणाला तो सूट देऊन उठवला गेला, २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटेपर्यंत.

म्हणून पुन्हा उडताना फाइल तयार करायची म्हणजे नवे कागद जोडायचे एवढंच नाही. जुनी प्रत्येक सूट परत उघडायची आणि आज ती नव्याने मागितली असती तर दिली असती का, हे विचारायचं.

प्रक्रिया: पायरीपायरीने

आधी बदललेल्या आराखड्याचं प्रमाणीकरण होतं. मग प्रत्यक्ष चाचणी. डिस्कव्हरीच्या टाकीत एप्रिल आणि मे २००५ मध्ये, उड्डाणाच्या चबुतऱ्यावर उभं असतानाच, इंधन भरून पाहिलं. द्रव ऑक्सिजनच्या नळीवर बर्फ साचून तोच फोमसारखा आदळू शकतो, हा धोका तोवर पुढे आला होता. यान परत मागे नेलं, टाकी बदलली, तिथे हीटर बसवला. मे महिन्यातलं उड्डाण जुलैत गेलं.

नंतर उड्डाणाच्या साधारण दोन आठवडे आधी केनेडी केंद्रात सज्जता आढावा बैठक होते. डिस्कव्हरीसाठी ती जूनच्या शेवटी झाली. प्रमाणपत्रावर सह्या इथे होतात. पुढे उड्डाणाच्या दोन दिवस आधी पुन्हा आढावा आणि अखेर त्या दिवशी प्रत्येक विभागाला एकेक करून विचारणा. कुणीही ‘नाही’ म्हणू शकतो.

१३ जुलैला तसंच झालं. अंतराळवीर यानात बसत असताना हायड्रोजन टाकीतल्या चार संवेदकांपैकी एकाने चुकीचं दाखवलं. नियम चारही चालू हवेत असा होता. उड्डाण रद्द. पुढच्या तारखेसाठी तीन संवेदकांवर उडण्याची सूट तयार ठेवली, पण ती नेमक्या कोणत्या प्रकारच्या बिघाडाला लागू होईल हे आधी लिहून. २६ तारखेला चारही नीट चालले आणि सूट वापरावीच लागली नाही. सूटपत्र लिहायचं तर असं लिहावं.

परतीची परवानगी वेगळी

कोलंबिया वर असताना पंखाचे फोटो मिळावेत म्हणून तीन वेळा विनंती झाली होती. ती पुढे गेली नाही. अभियंत्यांनी धोका आहे हे आधी सिद्ध करावं आणि मग फोटो मागावेत, अशी उलटी अट त्यांच्यावर आली. फोटोच नाहीत तर सिद्ध कशाने करणार?

आता तपासणी हा नियम झाला. डिस्कव्हरीने पन्नास फुटी दांड्यावरच्या संवेदकांनी पंखांच्या कडा तपासल्या. स्थानकाखाली सहाशे फुटांवर कमांडर आयलीन कॉलिन्स यांनी यान संथपणे पूर्ण उलटं फिरवलं आणि स्थानकातल्या दोघांनी मोठ्या भिंगांनी पोटाकडच्या फरशांचे फोटो घेतले. त्यात दोन फरशांमधल्या फटीतली पट्टी बाहेर आलेली दिसली. ३ ऑगस्टला स्टीफन रॉबिन्सन यांनी बाहेर जाऊन पोटाखालच्या अशा दोन पट्ट्या हाताने ओढून काढल्या. आवरण ठीक आहे असा निर्णय झाल्यावरच यान ९ ऑगस्टला उतरलं.

अट अपुरी राहिली तर?

उड्डाणाआधी स्टॅफर्ड-कव्ही गटाने पंधरापैकी बारा अटी पुऱ्या झाल्याचं सांगितलं. उरलेल्या तीन सर्वांत कठीण होत्या: फोम पूर्ण थांबवणं, यान टणक करणं आणि कक्षेतली दुरुस्ती. तरीही उड्डाण झालं आणि गटानेही त्याला नकार दिला नव्हता. शिवाय गटातल्या सात सदस्यांनी अंतिम अहवालात नासाच्या व्यवस्थापनावर कडक शेरे वेगळे लिहिले. मला ते शेरे फार मोलाचे वाटतात. ते पानाआड गेले नाहीत, त्याच अहवालात छापले गेले.

आणि उड्डाणात काय झालं? टाकीच्या दुसऱ्या एका जागेवरून सुमारे चारशे ग्रॅमचा तुकडा सुटला. सुदैवाने लागला नाही. दुसऱ्याच दिवशी नासाने पुढची उड्डाणं थांबवली. परवानगी एका उड्डाणापुरती असते. यान वर असतानाच पुढचा अर्ज पुन्हा अपूर्ण झाला.

हरकत आली तर?

ज्यावरून हा तुकडा सुटला, तो टाकीवरचा फोमचा लांब उंचवटा, सुमारे १७ किलोचा, काढूनच टाकला. पण बर्फ रोखणाऱ्या छोट्या फोम-पट्ट्या राहिल्या. जून २००६ च्या आढावा बैठकीत नासाचे सुरक्षाप्रमुख ब्रायन ओ’कॉनर आणि मुख्य अभियंता ख्रिस्तोफर स्कोलीझ या दोघांनी त्या पट्ट्यांवरून ‘उडू नये’ असं मत नोंदवलं. प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी उडण्याचा निर्णय घेतला. त्यांचा युक्तिवाद असा की धोका यानाला आहे. आवरण फुटलं तर अंतराळवीर स्थानकात थांबतील आणि दुसरं शटल त्यांना आणायला जाईल. दोघांनी आपलं मत बदललं नाही, मात्र माणसं सुरक्षित परत येऊ शकतात हे मान्य करून पुढे दादही मागितली नाही.

ग्रिफिन यांचा निर्णय बरोबर होता की नाही, यावर मी आजही ठाम नाही. पण हरकत कुणाची, कशावर आणि ती बाजूला सारणारा कोण, या तिन्ही गोष्टी जगाला नावानिशी माहीत होत्या. चॅलेंजरच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत उडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. डिस्कव्हरी ४ जुलै २००६ ला उडालं आणि सुखरूप परतलं.

हीच वाट पुढे सुनीता विल्यम्स यांच्या वेळी दिसली. जून २०२४ मध्ये त्यांना नेणारं बोइंगचं स्टारलायनर यान स्थानकाकडे जाताना त्याचे पाच थ्रस्टर (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले आणि हेलियमची गळती झाली. २४ ऑगस्टला नासाचे तेव्हाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी यान रिकामं परत आणायचं जाहीर केलं आणि त्याच वेळी दोन्ही शटल अपघातांचा, दबून राहिलेल्या माहितीचा उल्लेख केला. यान सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोत व्यवस्थित उतरलं. विल्यम्स आणि बुच विल्मोर मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानाने परतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नासाने सांगितलं की स्टारलायनरचं पुढचं उड्डाण फक्त सामान घेऊन होईल.