गाम्पोंग: आचेच्या गावगाड्याची पार्श्वभूमी

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरच्या आचे प्रांताचं नाव निघालं की २००४ ची त्सुनामी आठवते, फार तर शरियत आणि फटक्यांच्या शिक्षा. तिथली गावं मात्र बातमीत येत नाहीत. आचेनी भाषेत गावाला 'गाम्पोंग' म्हणतात आणि असे गाम्पोंग साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. भोवती नारळ-सुपारी, पलीकडे भातखाचरं, मध्ये घरांची दाटी. या गावाचा कारभार समजून घ्यायचा तर सुरुवात घरापासून करावी लागते, कारण इथे घर बाईचं असतं.

लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. बायकोला 'पो रुमोह' म्हणजे घराची मालकीण म्हणतात. शेतीत इस्लामी वारसाहक्काने मुलग्यांनाही वाटा असतो, पण आईबाप घर देतात ते मुलीला. दुसरी मुलगी लग्नाची झाली की त्याच आवारात दुसरं घर उभं राहतं. म्हणून जुन्या गाम्पोंगमध्ये शेजारणी बहुधा सख्ख्या नाहीतर मावसबहिणी निघतात. सुरुवातीची काही वर्षं जोडपं मुलीच्या आईवडिलांकडेच जेवतं. मग रीतसर 'वेगळं काढणं' होतं आणि ऐपतीप्रमाणे घर किंवा खाचर मुलीच्या वाट्याला येतं.

हे जुनं घर, 'रुमोह आचे', बारकाईने पाहण्यासारखं आहे. १६, २० किंवा २४ लाकडी खांब, तेही जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर टेकवलेले. पुरले असते तर ओलीने आणि वाळवीने बुंधे खाल्ले असते. घराची तळजमीन माणसाच्या डोक्याहून उंच, आढं पूर्व-पश्चिम, सांध्यांत खिळा नाही. सगळं खुंट्या आणि पाचरींवर. भूकंपात असं घर डोलतं आणि हादरा सांध्यांत जिरतो. पाचरी सैल होऊ दिल्या तर मात्र सांधे खिळखिळे होऊन घर कलतं, म्हणून त्या वेळोवेळी ठोकाव्या लागतात. पुढचा सोपा पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, मधलं माजघर थोडं उंच, मागचा सोपा बायकांचा, तिथेच चूल. छप्पर सागो माडाच्या पानांनी शाकारलेलं, आणि त्याचं पाखं दोराने अशा बेताने बांधलेलं की आग लागली तर तो दोर तोडायचा. अख्खं पाखं खाली येतं आणि सांगाडा वाचतो. माजघराच्या काही फळ्या मुद्दाम सुट्या ठेवतात. घरात माणूस गेलं की तिथेच अंघोळ घालतात आणि पाणी खाली निघून जातं.

पुरुषाचं ठिकाण वेगळं. मुलगा वयात येऊ लागला की रात्री झोपायला 'मेउनासा'त जायचा. ही गावाची नमाजाची, शिकण्याची आणि पंचायतीची जागा. पुढे तो 'रांतो'ला, म्हणजे परमुलखात जायचा, बहुतेक मिरीच्या लागवडीवर. १८२० च्या दशकात जगातली जवळपास निम्मी मिरी आचेच्या किनाऱ्यावरून जात होती. वेल चढवायचे ते पांगाऱ्यावर, कोकणातल्या बागांतही दिसतो त्याच जातकुळीच्या झाडावर. वेल धरायला तीनेक वर्षं लागतात, त्यामुळे माणूस गेला की लवकर परतत नसे. गावात राहायची बाई, तिच्या बहिणी आणि भात.

कारभाराबद्दल गावात म्हणतात की 'केउचिक' हा गावाचा बाप आणि मेउनासाचा 'तेउंकू' ही गावाची आई. केउचिक व्यवहार पाहतो, तेउंकू धर्म. दोघांच्या जोडीला 'तुहा पेउत', म्हणजे चार जाणते. काही गाम्पोंग मिळून एक मुकीम होतो. खाचरांसाठी निराळा माणूस असतो, 'केउजुरुएन ब्लांग'. पाण्याच्या पाळ्या आणि पेरणीचा दिवस तो ठरवतो. त्याआधी खाचरांजवळ गावजेवण होतं. शुक्रवारी शेतात उतरायचं नाही. एकाच वेळी पेरण्यामागे रोकडा हिशेब आहे: एखाद्याने उशीर केला तर सगळ्यांची कापणी झाल्यावर उंदीर आणि पाखरं त्याच्याच शेतात उतरतात, आणि त्याच्या पिकासाठी सोडलेलं पाणी शेजाऱ्याच्या पिकल्या भातात शिरतं. ज्याला जमीन नाही तो 'मावाह'ने कसतो. जमीन आणि पाणी कसं आहे त्यावर पीक निम्मं-निम्मं किंवा तिसऱ्या हिश्शाने वाटलं जातं. गुरंही मावाहने देतात, वासरांत वाटणी. नड आली तर शेत गहाण पडतं आणि त्याचा हिशेब सोन्यात, 'मायम'मध्ये. एक मायम म्हणजे सुमारे ३.३ ग्रॅम. मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं धन, तोही मायममध्येच ठरतो.

१८७३ च्या मार्चमध्ये डचांनी आचेच्या सल्तनतीविरुद्ध युद्ध पुकारलं. सुलतान १९०३ मध्ये शरण आला, तरी झुंजी पुढे चालू राहिल्या. डचांनी 'उलेबालांग' या सरदारांमार्फत राज्य केलं आणि १९४५-४६ च्या यादवीत उलेबालांगांची सत्ता संपली. वरचे मालक बदलत गेले, गाम्पोंग टिकला. त्याला खरा घाव बसला तो कागदाने. इंडोनेशियाच्या १९७९ च्या पाचव्या कायद्याने देशभर एकच साचा आणला. केउचिक सरकारी गावप्रमुख झाला, जाणत्यांच्या जागी आलेल्या ग्रामसभेचा अध्यक्षही तोच, आणि मुकीमला कायद्यात जागाच उरली नाही. म्हणजे बापाला जाब विचारणारं कोणी राहिलं नाही.

तोवर १९७६ मध्ये स्वतंत्र आचेची बंडखोर चळवळ, 'गाम', उभी राहिली होती. १९८९ ते १९९८ या लष्करी मोहिमेच्या काळात जवान केउचिककडे बंडखोरांची नावं मागत आणि बंडखोर वर्गणी. पुरुष मलेशियाला किंवा डोंगरात पळाले. पिडी जिल्ह्यात एका जुन्या लाकडी घरात लष्कराने छळछावणी चालवली. ते 'रुमोह गेउडोंग' १९९८ मध्ये लोकांनी जाळलं. पाहुण्याच्या सोप्यासाठी बांधलेल्या घराचं असं व्हावं, हे आचेत कोणी विसरलेलं नाही.

या सगळ्यात पुरुष गेले तरी गाव उभं राहत होतं, कारण घर धरून बाई होती. २६ डिसेंबर २००४ ला लाट आली ती नेमकी घरावर. रविवारची सकाळ, काही पुरुष खोल समुद्रात, काही कामानिमित्त बाहेर, बायका मुलांसह घरी. आचे बेसार जिल्ह्यातल्या चार गावांत नंतर मोजणी झाली, तेव्हा वाचलेल्या ६७६ जणांत बायका फक्त १८९ होत्या. खुणेची झाडं गेली, बांध गेले, बहुतेक जमिनींना कागद नव्हताच. हद्दी पुन्हा ठरवल्या त्या वाचलेल्यांनी: प्रत्यक्ष जागेवर उभं राहायचं, शेजाऱ्यांनी खूण पटवायची, खुंट्या ठोकायच्या, केउचिकने सही करायची.

१५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत शांतता करार झाला. प्रांताच्या २००३ च्या कायद्यांनी गाम्पोंग आणि मुकीम परत आणले होतेच. २००८ च्या कायद्याने १८ प्रकारचे तंटे गावातच मिटवायला मान्यता दिली. घरगुती भांडण, बांधाचा वाद, वारसा, किरकोळ चोरी, गुरांनी पीक खाल्लं असे. आधी दोन्ही बाजूंचं वेगवेगळं ऐकतात, मग मेउनासात बैठक. निकालानंतर 'पेउसिजुएक' हा विधी: तांदळाचे दाणे, पिठाचं पाणी पानांच्या जुडीने शिंपडणं आणि पिवळ्या चिकट भाताचा घास. गावात मिटलं नाही तर मुकीमकडे.

त्सुनामीनंतर मदतीत मिळालेली घरं बहुतेक ३६ चौरस मीटरची, विटांची, जमिनीवर. आवारात बहिणीच्या घराला जागा सुटलीच असं नव्हतं, आणि कागद अनेकदा कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याच्या नावावर निघाला. पुढे दोघांच्या नावाने करून देण्याची सोय झाली, पण सगळ्यांनी तसं करून घेतलं नाही. नकाशात स्वयंपाकघर नव्हतं, किंवा होतं ते चुलीच्या धुराला न पुरणारं. त्यामुळे राहायला गेल्यावर बायकांनी घरामागे लाकूड आणि पत्रा लावून एक पडवी काढली. आता चूल तिथे असते, नारळ तिथे खवला जातो आणि दुपारी शेजारच्या बहिणी मागच्या दाराने तिथेच येऊन बसतात.