व्हॉल्व्हचं कौतुक पुरे, ट्रान्सफॉर्मर बघा

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की कोल्हापुरात दोन प्रश्न ठरलेले. किती वॅटचा? आणि व्हॉल्व्ह (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) कुठल्या कंपनीचे? मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींसमोर ज्यांचे कान घडले, त्यांना ८ वॅट म्हटलं की हसूच येतं. मागे बसवलेला तो जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते घरगुती व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे प्रकार त्याच्यावरूनच समजून घ्यावेत.

व्हॉल्व्ह ३००-४०० व्होल्टवर चालतो, पण त्यातून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरांतच. ८ ओहमच्या स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं: व्होल्ट थोडे, प्रवाह भरपूर. आंबा घाट चढताना ट्रक गिअर उतरवून वेगाच्या बदल्यात ओढ मिळवतो, तसा हा ट्रान्सफॉर्मर व्होल्टच्या बदल्यात प्रवाह देतो. वेढ्यांचं प्रमाण २०:१ असेल तर रोध त्याच्या वर्गाने, म्हणजे ४०० पटीने बदलतो. ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ३,२०० ओहमचा वाटतो, आणि तेवढा त्याला मानवतो.

आता पहिला प्रकार, सिंगल-एंडेड. ३००बी हा १९३८ सालचा ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) यातला लाडका. एकच व्हॉल्व्ह पूर्ण लहर सांभाळतो, म्हणून गाणं सुरू नसतानाही ६०-८० मिलिअँपिअर डीसी प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून सतत एकाच दिशेने वाहतो. तो लोखंडाला आधीच चुंबकित करून ठेवतो. वर सिग्नल आला की लोखंड संपृक्त होतं, म्हणजे आणखी चुंबकित होऊ शकत नाही, आणि खर्ज चिरडला जातो. उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर भरताना कोअरचे ‘ई’ आणि ‘आय’ पत्रे उलटसुलट भरतात, फट राहू नये म्हणून. इथे मुद्दाम सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद. या फटीमुळे संपृक्तता टळते, पण प्रायमरीचा (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याचा) इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण, घटतो. तो भरून काढायला वेढे वाढवा, कोअर मोठा करा. वेढे वाढले की गळती इंडक्टन्स (सेकंडरीपर्यंत न पोचणारा भाग) आणि वेढ्यांमधली धारिता (विद्युतभार साठवण्याचा गुण) वाढते, तार स्वर मंदावतात. मग प्रायमरी आणि सेकंडरी (स्पीकरकडचं वेटोळं) थरांत वाटून एकाआड एक गुंडाळायची. एवढा खटाटोप कशासाठी? जेमतेम ८ वॅटसाठी.

पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह समोरासमोर काम करतात. दोघांचे डीसी प्रवाह कोअरमध्ये विरुद्ध दिशांनी फिरून एकमेकांना खोडतात, त्यामुळे फटीची गरज जवळजवळ उरत नाही. ईएल८४ या छोट्या व्हॉल्व्हची जोडी १२-१५ वॅट, ईएल३४ची ३५ वॅटच्या आसपास सहज देते. डीसीबरोबर आणखी एक गोष्ट खोडली जाते: सम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात हे वेगळं सांगायला नको. सिंगल-एंडेडमध्ये दुसरा हार्मोनिक शिल्लक राहतो, आणि लोक ज्याला ‘ऊब’ म्हणतात ती बरीचशी त्यातलीच. म्हणजे ती गोड वाटणारी विकृती आहे. काचेतल्या लाल उजेडाशी तिचा काही संबंध नाही. काही स्वस्त संचांत तर व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी बसवून तो उजेड पाडलेला असतो. बाण छापलेल्या महागड्या स्पीकर वायरींबद्दल बोलायलाच नको. त्या वायरीतून जाणारा प्रवाह प्रत्येक लहरीत दिशा बदलतो.

ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस) हा तिसरा प्रकार ट्रान्सफॉर्मरच काढून टाकतो. १० वॅटसाठी ८ ओहममध्ये १.१ अँपिअरजवळ प्रवाह लागतो, म्हणून समांतर व्हॉल्व्हांची रांगच लावावी लागते. उन्हाळ्यात त्या खोलीत बसून दाखवावं.

वॅटचं म्हणाल तर ८ आणि ३५ यांत फरक जवळजवळ साडेसहा डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे स्पीकर ९५ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) असेल तर ३००बी खुशाल घ्या. नेहमीच्या ८६ डेसिबलच्या छोट्या स्पीकरांवर तो धापा टाकेल; तिथे ईएल३४ची पुश-पुल जोडीच बरी. स्वतः जोडणार असाल तर स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट उरलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने मोजून मगच आत हात घाला.