आर्गॉनच्या माऱ्याखाली मिश्रधातू: तांबे-निकेलच्या वादाची पार्श्वभूमी

विद्युतविसर्ग नळीत कॅथोडचा धातू उडून काचेवर बसतो, ही नोंद १८५२ची. मिश्रधातूतले दोन धातू सारखेच उडतात का, या प्रश्नाला मात्र धार आली ती १९७०च्या दशकात, ऑजर यंत्रं (इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने पृष्ठभागावर कोणते अणू किती आहेत ते मोजणारी) प्रयोगशाळांत रुळल्यावर. नमुना आर्गॉनच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून साफ करायचा आणि मग मोजायचा, अशी रीत पडली. पण ही साफसफाईच पृष्ठभागाचं प्रमाण बिघडवत होती.

मारा बराच वेळ चालला की उडणाऱ्या अणूंचं प्रमाण आतल्या धातूइतकंच होतं, कारण खालून तोच माल वर येत राहतो. यासाठी जो धातू सहज उडतो, तो पृष्ठभागावर कमी व्हावा लागतो. ५०:५० मिश्रधातूत एकाचा उडण्याचा दर दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर पृष्ठभाग ३३:६७ वर स्थिरावतो. दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोॲम्पिअर प्रवाह आणि एका आयनामागे दोन अणू धरले, तर एक थर उडायला साधारण १२ सेकंद लागतात. वीसेक थर जाईपर्यंत चार मिनिटं. त्याआधी घेतलेलं माप ना मूळ धातूचं, ना स्थिरावलेल्या पृष्ठभागाचं.

खरा वाद कारणावरून झाला: हलका अणू आधी उडतो की सैल बांधलेला? चांदी-सोन्यात चांदी हलकीही आहे आणि सैलही, त्यामुळे तिथे निकाल लागत नाही. तांबे-निकेलमध्ये लागतो. निकेल हलकं (५८.७ विरुद्ध ६३.५), पण तांब्याची बंधनऊर्जा, म्हणजे अणू पृष्ठभागावरून सुटायला लागणारी ऊर्जा, कमी (३.५ विरुद्ध ४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट). ऑजरमध्ये निकेल वाढलेलं दिसलं, म्हणजे उडालं ते तांबं. बंधनऊर्जेची बाजू जिंकली असं अनेकांनी तिथेच धरलं. ती घाई होती. ऑजर अनेक थरांची सरासरी देतं; आयन-प्रकीर्णन (पृष्ठभागावर आदळून परतणारे आयन मोजणारी पद्धत) फक्त सर्वांत वरचा थर पाहतं, आणि त्याने त्याच थरात तांबं बऱ्यापैकी टिकलेलं दाखवलं, तुटवडा होता तो त्याच्या खाली. माऱ्याने अणूंच्या जाळीत रिकाम्या जागा तयार होतात, त्यांतून तांबं वर सरकतं आणि वर आलं की उडतं. निव्वळ बंधनऊर्जेवर बेतलेली जुनी कोष्टकं म्हणूनच जपून वापरायला हवीत. तापमान न लिहिलेलं माप तर अर्धवटच, कारण थंड नमुन्यात हे सरकणं मंदावतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं रबाळे-महापे काय किंवा ठाण्यातली वागळे इस्टेट काय, तिथे कटिंग टूलवर टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड चढवणाऱ्याला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. बायस (आयनांना खेचण्यासाठी टूलला दिलेला ऋण व्होल्टेज) वाढवला की बसलेल्या थरातून ॲल्युमिनियम जास्त उडतं. टार्गेट (ज्या धातूच्या तुकड्यातून कोटिंगचा माल येतो तो) तेच असूनही कोटिंगमधलं ॲल्युमिनियम घटतं आणि तापलेल्या कडेवर थर लवकर हार मानतो. स्पटरिंगचं, म्हणजे आयनांच्या माऱ्याने अणू उडवून कोटिंग करण्याचं, मिश्रधातूचं टार्गेट नवं लावलं, की टार्गेटसमोरचं शटर बंद ठेवून आधी काही मिनिटं चालवायचं. टार्गेट नीट थंड होत नसेल तर अणू खोलवरून सरकत राहतात आणि प्रमाण स्थिरावायला जास्त वेळ लागतो. तेव्हा आधी पाण्याचा प्रवाह तपासावा. नमुना बाहेर तपासणीला देताना, प्रमाण माहीत असलेला त्याच जातीचा तुकडा सोबत द्यावा आणि दोन्हींवर एकाच ऊर्जेचा, एकाच कोनातून मारा करायला सांगावा.